दरज : चारठाण्याच्या कोरड्या सांध्यापासून न्हाणीघरातील एपॉक्सीपर्यंत

घरासाठी फरशी निवडताना अख्खे कुटुंब चार रविवार दुकाने पालथी घालते. दोन फरश्यांमधील फटीत काय भरायचे, हे मात्र मिस्त्री शेवटच्या दिवशी, हत्यारे आवरता आवरता ठरवतो. दोन-तीन वर्षांनी फरशी तशीच चकचकीत असते. फट काळी पडलेली, भुसभुशीत झालेली, कोपऱ्यात तर पार रिकामी झालेली असते. न्हाणीतील पाणी त्या वाटेने खाली उतरते आणि खालच्या खोलीच्या छतावर नकाशे काढू लागते.

परभणी जिल्ह्यात या फटीला किमान आठशे वर्षांचा इतिहास आहे. हा धागा त्या फटीचा.

गवंड्यांच्या भाषेत तिचे नाव ‘दरज’. दोन दगड, दोन विटा किंवा दोन फरश्या यांच्या कडांमधील ही रेघ. तीत माल भरणे म्हणजे ‘दरजा भरणे’. बाजारात आज ‘ग्राउट’ या नावाने विकली जाणारी पुडी या जुन्या कामासाठीच असते. फरक इतकाच की पूर्वी दरजेत काय घालायचे, आणि मुळात काही घालायचे की नाही, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरत असे.

प्रारंभ जिंतूर तालुक्यातील चारठाण्यापासून करावा लागतो. गोकुळेश्वर, उकंडेश्वर, नृसिंह अशी मंदिरे, एकाकी उभा असलेला कोरीव मानस्तंभ, बारव आणि शेतांतून व घरांच्या भिंतींतून डोकावणारे असंख्य घडीव दगड यांमुळे हे गाव यादवकालीन स्थापत्याचे उघडे संग्रहालयच झाले आहे. या बांधणीला महाराष्ट्र ‘हेमाडपंती’ म्हणतो. नावाचा मान यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारातील हेमाद्री पंडिताला मिळाला. पण ही पद्धत त्याच्याही आधीची. अंबरनाथचे शिवालय १०६० मधले आहे, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षे आधीचे.

या बांधणीचे मर्म दरजेत आहे. दगडाला दगड भिडवताना मध्ये चुना नाही, माती नाही, काहीच नाही. पाथरवट काळ्या पाषाणाचे तळ आणि माथे इतके सपाट घडवत की एकावर एक ठेवल्यावर रेघ तेवढी उरे. दगड जागचा हलू नये म्हणून खाचेत कुसू बसवायचे, तुळई स्तंभाच्या माथ्यावर अडकवायची आणि बाकीचे काम वजनावर सोपवायचे. वरचे छत जितके जड, तितका खालचा सांधा घट्ट.

‘एकजीव’ हा शब्द अशा मंदिरांच्या वर्णनात हटकून येतो. तो शब्द येथे चुकीचा आहे. ही मंदिरे एकजीव नाहीत. ती शेकडो सुट्या दगडांची आहेत आणि टिकली ती त्याच सुटेपणामुळे. परभणीची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा देते. अशा जमिनीवरचा पाया दरवर्षी किंचित वर-खाली होतो. कोरड्या सांध्याचे दगड त्या हालचालीत केसभर सरकतात आणि पुन्हा बसतात. स्तंभ तिरका दिसेल, छताचा दगड फाकलेला दिसेल, तरीही इमारत उभी असते.

हेच तत्त्व बारवेत आणखी वेगळ्या कामाला लागते. वालूरची गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव, पिंगळीची बारव, चारठाण्याची बारव ही परभणी जिल्ह्याची खरी श्रीमंती. बारवेत पाणी वरून ओतलेले नसते. ते आजूबाजूच्या जमिनीतून, मुरमातून झिरपत येते आणि दगडांच्या मधून आत शिरते. म्हणजे बारवेच्या भिंतीतील दरज रिकामी असणे हा बांधकामातला कमीपणा नव्हे. तीच बारवेची पाण्याची वाट आहे. पावसाळ्यात भिंतीमागची माती पाण्याने भरते, तेव्हा तो दाबही याच फटींतून मोकळा होतो.

यादवांच्या मागून बहमनी, निजामशाही, मोगल आणि पुढे हैदराबादचे निजाम असे सत्तांतर होत गेले आणि या काळात दख्खनच्या बांधकामात चुन्याचे राज्य आले. चुना यापूर्वी ठाऊक नव्हता असे नव्हे. परंतु कमान, घुमट, विटांची उंच भिंत आणि गुळगुळीत गिलावा हे सारे चुन्याशिवाय अशक्य होते. औंढा नागनाथ हे स्थान १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. तेथील मंदिरात हे दोन काळ एकावर एक उभे दिसतात : खाली कोरीव काळा पाषाण, वर नंतरच्या जीर्णोद्धारातील विटा-चुन्याचे शिखर.

चुन्यासाठी मराठवाड्याला लांब जावे लागले नाही. काळ्या रानात नांगराला लागणारे पांढरट खडे, म्हणजे चुनखडी, शेतकऱ्याला नकोशी आणि गवंड्याला हवीशी. हे खडे भट्टीत सुमारे ९०० अंशांवर भाजले की त्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो उकळत, फुत्कारत फुलतो. मग घाणी. जमिनीत गोल चर, चरात दगडी चाक, चाकाला बैल. त्या चरात चुना, वाळू आणि विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालून तासन्‌तास मळायचे. ठिकठिकाणी मालात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडीद असे जिन्नसही पडत. हे जादूटोण्याचे प्रकार नव्हेत. गूळ आणि चिकट रस यांमुळे कमी पाण्यात माल मऊ होतो आणि सावकाश वाळतो.

या शेतातल्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो. शुद्ध चुना हवेतल्या कर्बवायूने हळूहळू दगड होतो आणि ओलाव्यात तो कित्येक दिवस कच्चा राहतो. मातीचा अंश असलेला चुना मात्र ओलाव्यातही घट्ट धरतो. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने एडिस्टन दीपगृहासाठी चुन्याची परीक्षा करून ही गोष्ट अठराव्या शतकाच्या मध्यावर शोधून काढली. दख्खनच्या गवंड्याने कारण लिहून ठेवले नाही. हौदाला कोणता खडा चालतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते.

चुन्याच्या दरजेचे दोन गुण पुढच्या सगळ्या कथेत महत्त्वाचे आहेत. पहिला गुण असा की ती दगडापेक्षा आणि चांगल्या विटेपेक्षा मऊ असते. भिंत हलली तर भेग दरजेत पडते. दगड, वीट शाबूत राहतात. दुसरा गुण त्याहून नवलाचा : पावसाचे पाणी त्या बारीक भेगेत शिरले की थोडा चुना विरघळतो आणि पुन्हा तेथेच साखळतो. केसासारखी भेग काही वर्षांत आपोआप बुजते. जुन्या वाड्यांच्या भिंतींना शंभर-शंभर वर्षे कुणी हात लावला नाही, तरी त्या गळल्या नाहीत, यात या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

सामान्य घरात मात्र यांपैकी काहीच नव्हते. भिंत मातीची, छत माळवदाचे, त्यावर गढीची पांढरी माती, आणि जमीन शेणाने सारवलेली. सारवलेल्या जमिनीला दरजच नसते. भेग पडली तर पुढच्या सणाआधी घरातली बाई ती शेणामातीने लिंपून टाकी. सांध्याची देखभाल हे घरातल्या बायकांचे कधीही न संपणारे आणि कुणीही न मोजलेले काम होते. फरशीच्या आगमनाकडे पाहताना हे लक्षात ठेवणे योग्य ठरेल. शहाबादी फरशी दिसायला साधी. पण तिने कित्येक हात मोकळे केले.

शहाबाद हे कलबुर्गी (पूर्वीच्या गुलबर्गा) जिल्ह्यातले गाव. तेथील चुनखडकाचे थर निसर्गतःच सपाट, पुस्तकाच्या पानांसारखे सुटणारे. गाव रेल्वेच्या मार्गावर, वाडी जंक्शनजवळ. वाडी-हैदराबाद लोहमार्ग १८७४ मध्ये झाला आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी हैदराबाद ते मनमाड हा गोदावरी खोऱ्याचा मार्ग परभणीवरून गेला. गुलबर्गा आणि परभणी दोन्ही निजामाच्याच राज्यात. दगड, गाडी आणि गिऱ्हाईक एकाच सत्तेखाली असल्यावर फरशी मराठवाड्यात न पोचती तरच नवल. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत परभणी मुंबई राज्यात आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले. फरशीचे ‘शहाबादी’ हे नाव मात्र मराठी माणसाच्या तोंडी कायमचे राहिले.

शहाबादीच्या कडा हाताने तासलेल्या, त्यामुळे थोड्या वाकड्या. दोन फरश्यांमध्ये करंगळी नाही तरी पेन्सिल मावेल एवढी दरज सोडावीच लागे. खाली मुरूम, त्यावर चुन्याचा किंवा मातीचा थर. ही रुंद दरज तेव्हाच्या लोकांना खटकत नसे. उलट काळसर फरशीवर उठून दिसणारी सरळ रेघ ही चांगल्या गवंड्याची सही समजली जाई.

याच शहाबादला चुनखडक मुबलक म्हणून सिमेंटचा कारखानाही आला. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ मध्ये इंग्लंडात पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले होते. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ च्या सुमारास नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९३६ मध्ये दहा कंपन्या एकत्र येऊन एसीसी स्थापन झाली. शहाबादचा कारखाना तीत होता. सिमेंट पोत्यातून येई, घाणी लागत नसे, बैल लागत नसे, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पाय ठेवता येई. दोनेक पिढ्यांत चुन्याच्या घाण्या थांबल्या. दगडी चाके देवळांच्या आवारात आणि शेतांच्या बांधांवर जाऊन पडली.

सिमेंटची दरज वाईट नाही. ती वेगळी आहे, आणि हा वेगळेपणा लक्षात न घेतल्याने जुन्या वास्तूंचे नुकसान झाले. सिमेंट कडक असते. जुन्या मऊ विटेपेक्षा कितीतरी अधिक. चुन्याच्या भिंतीच्या दरजा वरून सिमेंटने भरल्या की भिंतीतला ओलावा दरजेतून बाहेर पडू शकत नाही, तो विटेतून वाट काढतो, सोबत क्षार आणतो आणि विटेचा चेहरा पापुद्र्यांनी सुटू लागतो. काही वर्षांनी विटा आत झिजलेल्या आणि सिमेंटच्या रेघा बाहेर जाळीसारख्या उभ्या, असे दृश्य दिसते. काळ्या पाषाणाला असा रोग होत नाही. पण बारवेच्या कोरड्या दरजा सिमेंटने बंद केल्या तर पाण्याची वाट बंद होते आणि पावसाळ्यात भिंतीमागे दाब साचतो. एरवी मोकळा होणारा तो दाब मग भिंतीला पोटाशी फुगवतो. भक्तिभावाने केलेली डागडुजी अनेक ठिकाणी अशी बाधली आहे. भिंत स्वच्छ दिसते, आणि उन्हाळ्यात बारव कोरडी पडते.

दरजेतला मऊपणा चांगला, म्हणून ढिला सांधाही चांगला, असा अर्थ कुणी काढू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने ते दाखवून दिले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील घरांच्या जाडजूड भिंती गोलसर दगडांच्या, दरजेत नुसती माती. आतला आणि बाहेरचा थर जोडणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. धक्का बसताच दोन थर फाकले आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. हेमाडपंती सांध्यात माल नव्हता, पण घडीव दगडाचे सपाट तळ होते, खाच होती, कुसू होते. या भिंतींत माती होती आणि दगडांना एकमेकांत अडकवणारे काहीच नव्हते.

आता फरशीकडे परत. १९२२ मध्ये मुंबईत सिधवा काका-पुतण्यांनी भारत टाइल्स सुरू केली. परदेशी फरशीला स्वदेशी पर्याय, हा त्यामागचा हेतू. ही रंगीत नक्षीची सिमेंटची फरशी भट्टीत भाजलेली नसून दाबयंत्रात घडवलेली असे. ती चिकटून बसवत आणि त्याच रंगाच्या सिमेंटचे पातळ पाणी दरजेत सोडत. फरशीही सिमेंटची आणि दरजही सिमेंटची, म्हणून जोडी जमून गेली. मोझॅकचेही तसेच : बसवल्यावर यंत्राने घासताना फरशी आणि दरज एकदमच घासली जाई, त्यामुळे दरज शोधावी लागे.

मग आली न्हाणीघरातील पांढरी चकाकणारी फरशी. १९५८ मध्ये एच अँड आर जॉन्सनने भारतात उत्पादन सुरू केले, आणि तशा फरशीला करड्या सिमेंटची दरज शोभेना. पांढरे सिमेंट ही त्यावरची तोड. राजस्थानात गोटन येथे जेकेचा कारखाना १९८४ मध्ये आणि बिर्ला व्हाइट १९८८ मध्ये सुरू झाल्यावर ते तालुक्याच्या दुकानातही मिळू लागले. ‘व्हाइट सिमेंट मारून घ्या’ हे वाक्य तेव्हापासून मिस्त्र्यांच्या बोलीत कायमचे मुक्कामाला आले. आजही परभणीत कितीतरी घरांत दरजा याच मालाने भरल्या जातात.

पांढरे सिमेंट स्वस्त आहे, हाताळायला सोपे आहे. पण ते दरजेसाठी बनवलेले नाही. नुसते सिमेंट वाळताना आकसते आणि कडेपासून सुटते. त्यात पाणी शोषले जाते, म्हणून हळद, तेल आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार त्यात मुरतात. शिवाय संडास धुण्याचे आम्ल त्याला खाते. कारण सिमेंटचा जीव शेवटी चुन्यात आहे आणि चुना आम्लात विरघळतो. दर आठवड्याला आम्ल ओतून ‘लख्ख’ केलेल्या न्हाणीतली दरज दोन-तीन वर्षांत पोकळ होते, याचे नवल वाटायला नको.

१९९० नंतर गुजरातमधील मोरबीच्या कारखान्यांनी बाजार व्हिट्रिफाइड फरशीने भरून टाकला. ही फरशी इतकी घट्ट भाजलेली असते की ती वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते. कडा यंत्राने अचूक कापलेल्या. त्यातून एक नवी हौस जन्मली : दरज दिसताच कामा नये. फरशीला फरशी चिकटवा, मध्ये फट नको.

वरवर पाहता हीच तर हेमाडपंती रीत. परंतु चारठाण्याचा दगड सुटा होता, त्याला सरकायला मुभा होती. फरशी खाली घट्ट चिकटवलेली असते. तिला सरकता येत नाही. तापमान वाढले की ती वाढते, आणि खालचे काँक्रीट तर पहिली काही वर्षे वाळून आकसत असते. हिशेब फार मोठा नाही : तीन मीटरच्या खोलीत तीस अंशांच्या फरकाने फरशीची ओळ साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर वाढते. दहा मीटरच्या गच्चीवर मात्र पौषातली पहाट आणि वैशाखातली दुपार यांतला पृष्ठभागाचा फरक पन्नास अंशांपर्यंत जातो, आणि वाढ तीन मिलिमीटरच्या पुढे. दरज नसेल तर ही वाढ जाणार कुठे? एखाद्या दुपारी मोठा आवाज होतो आणि खोलीच्या मध्यावर दोन फरश्या तंबूसारख्या उठून उभ्या राहतात. घरचे लोक भूकंप झाला असे समजतात. पारा ४३-४४ अंशांवर जाणाऱ्या मराठवाड्यात हा प्रकार मुळीच दुर्मिळ नाही.

म्हणून फरशी कितीही अचूक असो, आत दोन-तीन मिलिमीटर आणि गच्चीवर पाच मिलिमीटर तरी दरज सोडावी. प्लास्टिकचे स्पेसर त्यासाठीच असतात. भिंतीलगत सहा ते आठ मिलिमीटर जागा पूर्ण मोकळी ठेवावी. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

दरजेत काय भरायचे, याचे दोन मुख्य पर्याय आज आहेत. पहिला, पॉलिमर मिसळलेले सिमेंटचे ग्राउट. तीन मिलिमीटरपर्यंतच्या दरजेला बारीक, वाळूविरहित. त्याहून रुंद दरजेला वाळू असलेले, म्हणजे ते आकसत नाही. सुरखी आणि वाळू घालणाऱ्या घाणीवाल्याचा हाच तर्क होता. बैठकीची खोली, झोपण्याची खोली, ओसरी यांना हे ग्राउट पुरते.

दुसरा पर्याय एपॉक्सी. त्याचे मूळ स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत आहे. पिएर कास्तान याने १९३० च्या दशकात हे राळेसारखे रसायन सिद्ध केले आणि १९४६ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीने ते चिकटद्रव्य म्हणून बाजारात आणले. महाराष्ट्रात त्याची मोठी कसोटी लागली ती न्हाणीघरात नव्हे, तर धरणावर. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. त्या भेगांत एपॉक्सी दाबून भरण्यात आले आणि पोलादी तारांनी भिंत आवळण्यात आली. एका मोठ्या जलाशयाला धरून ठेवणाऱ्या भेगेत जे रसायन गेले, त्याचेच भावंड आज दोन डब्यांत घरी येते.

एपॉक्सी पाणी पीत नाही, आम्लाला दाद देत नाही, हळदीचा डाग सहसा धरत नाही. न्हाणी, संडास, मोरी, ओट्याची मागची भिंत येथे त्याची जास्तीची किंमत वसूल होते. पण ते अत्यंत कडक आणि अभेद्य आहे. म्हणून जुन्या वाड्याच्या, खालून ओल चढणाऱ्या शहाबादी जमिनीत ते भरू नये. खालची ओल अडते आणि फरशीच पापुद्र्यांनी सुटू लागते. तेथे चुन्याचा किंवा साधा, दुबळा माल बरा. जमिनीतून येणारे पाणी बाहेर जाऊ द्यायचे की वरून पडणारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे आधी ठरवावे. वालूरच्या बारवेत पहिली गरज आहे, मोरीत दुसरी.

भरण्याच्या कामात घाई हा मुख्य शत्रू. फरशी बसवल्यावर निदान एक दिवस जाऊ द्यावा. मग दरजेतला वर आलेला माल खरवडून फरशीच्या जाडीचा दोन-तृतीयांश भाग तरी रिकामा करावा. वरवरचा मुलामा टिकत नाही. सिमेंटच्या ग्राउटमध्ये पाणी मोजून घालावे, आणि ते बोअरचे खारे नको. सैल माल भरायला सोपा असतो, पण तो वाळल्यावर फिका, भेगाळ आणि पिठूळ होतो. कालवल्यावर पाच-दहा मिनिटे ठेवून पुन्हा ढवळावे. रबरी थापी दरजेला तिरकी धरून माल तळापर्यंत दाबावा. पुसतानाही पिळलेला स्पंज तिरका फिरवावा, कारण दरजेच्या दिशेने पुसले की भरलेला माल उपसून येतो. पुढचे दोन-तीन दिवस हलके पाणी शिंपडावे. उन्हाळ्यात हे फार गरजेचे. जुन्या काळी चुन्याच्या कामावर ओली पोती टाकत, ती उगाच नाही.

एपॉक्सीचे राळ आणि कठिणक हे दोन्ही भाग डब्यात जेवढे आहेत तेवढे पूर्ण मिसळावेत, अंदाजाने अर्धे करू नयेत. मिसळल्यापासून घड्याळ सुरू होते. वेष्टनावर लिहिलेला वेळ साधारण हवामानासाठी असतो. वैशाखाच्या दुपारी तो बराच कमी होतो. म्हणून हे काम सकाळी लवकर, थोडे थोडे माल कालवून करावे आणि फरशीवरचा चिकट थर लगेच पुसावा. दुसऱ्या दिवशी तो नखाने निघत नाही, पाण्यानेही निघत नाही.

एक सांधा मात्र दोन्हींपैकी कशानेही भरू नये : भिंत आणि जमीन मिळते तो कोपरा. दोन वेगळ्या वस्तू तेथे वेगवेगळ्या दिशांना हलतात, त्यामुळे कडक माल हमखास तडकतो आणि न्हाणीतली गळती बहुतेक वेळा तेथूनच सुरू होते. तेथे रबरासारखे लवचीक सिलिकॉन भरतात. ते कायमचे नसते. काही वर्षांनी कडेने सुटू लागले की पात्याने कापून काढावे, फट कोरडी करावी आणि नवे भरावे.